सहा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा, सातच पदार्थ. पोषण कसं वाढवायचं?

अबोली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागलंय, सांभाळून घ्या.

मुलगा सहा वर्षांचा. घरात आम्ही त्याला चिकू म्हणतो. (चिकू खाणं सोडाच, चिकू कापलेल्या खोलीतही तो थांबत नाही.) तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, हवं ते हाताला धरून नेऊन दाखवतो.

खातो ते असं: आसट भात तूप-मीठ घालून, कडक डोसा चटणीशिवाय, भाजलेला उडदाचा पापड (बिनमिरीचा, तळलेला नाही), चुरमुरे, एकाच दुकानातले बटाट्याचे वेफर्स, एकाच कंपनीची ग्लुकोज बिस्किटं आणि दूध. दूध फक्त स्टीलच्या पेल्यातून, कोमट, दिवसाला जवळजवळ लिटरभर. संपली यादी.

मागच्या दिवाळीपर्यंत ही यादी नऊची होती. केळ्यावर एकदा काळा ठिपका निघाला आणि केळं गेलं. वरण मात्र मी घालवलं. लाल भोपळा वाफवून, मिक्सरमधून काढून, गाळून, फक्त एक चमचा वरणात मिसळला होता. मला रंगात काडीचा फरक दिसत नव्हता. त्याने चमचा ओठाला लावला, खाली ठेवला आणि एका बोटाने वाटी टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत नेली. रडला नाही, ओरडला नाही. त्या दिवसापासून वरण बंद. साधंसुद्धा. आठ महिने झाले.

आता तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ६, म्हणजे फारच कमी, डी जीवनसत्त्वही कमी. वजन ठीक आहे, त्यामुळे घरातले म्हणतात, "अंग धरून आहे की, कशाला काळजी करतेस?" डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंय, ते तो ओकून टाकतो. एकदा दुधात घातलं तर दूधही दोन दिवस बंद. मग घाबरून तो नाद सोडला.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी काय केलं? "सगळं खायला शिकवा" असं कृपया नको. पुढचं पाऊल कुठलं, एवढंच विचारतेय.

तिरफळ

अबोली, माझा लेक आता चौदाचा आहे. तुझी वरणाची गोष्ट वाचून पोटात कालवलं, कारण आमच्याकडे हेच इडलीचं झालं होतं. गाजर.

एकच सांगते. आधी भात वाचव. जे सात आहेत त्यांत काहीही गुपचूप मिसळू नकोस, औषध तर मुळीच नाही. आपल्याला वाटतं आपण भोपळा खाऊ घातला. त्याला कळतं ते एवढंच, की वरणाचा भरवसा नाही. या मुलांना चव, वास, पोत आपल्यापेक्षा कितीतरी ठळक जाणवतो. तुझी गाळणी त्याच्या जिभेपुढे काही नाही.

माणदेशी

वय वर्षे ६९, त्यामुळे स्पष्ट लिहितो. आम्ही पाच भावंडं, ताटात पडेल ते खायचो. दोन दिवस काही देऊ नका. भूक लागली की दगड पण गोड लागतो.

रानपाखरू

माणदेशी काका, राग मानू नका, पण हे आम्ही करून बसलोय. माझ्या मुलीला दीड दिवस फक्त "घरातलं जेवण" समोर ठेवलं, सासरच्या सगळ्यांच्या साक्षीने. ती जेवली नाहीच, पाणी पण बंद केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सलाइन लावावं लागलं. या मुलांपैकी कितीतरींना पोटात भूक लागल्याची जाणीवच नीट होत नाही. पोटाकडून निरोप निघतो, पण पोचत नाही. आणि पोचला तरी समोरची भाजी त्यांना अन्न वाटतच नाही. तुम्हाला भूक लागली म्हणून तुम्ही साबण खाल का? तिला भेंडी तशीच दिसते.

माणदेशी

साबणाचं उदाहरण लक्षात आलं. मला ही माहिती नव्हती. गप्प बसून वाचतो.

ओसरी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पुण्यात लहान मुलांसोबत काम करते. चिकूला न बघता त्याच्याबद्दल सांगणं चुकीचं, म्हणून सगळ्यांच्या उपयोगाचं लिहिते.

ताटाकडे वळण्याआधी शरीराकडे बघा. पोट रोज साफ होतं का? लिटरभर दूध, भात, बिस्किटं आणि चोथा जवळपास शून्य, म्हणजे बद्धकोष्ठता असणारच असं मी धरून चालते. आतडं भरलेलं असेल तर भूक कुठून लागणार? त्यावर डॉक्टरांकडून नीट इलाज करून घ्या. दात बघून घ्या. दाढ किडलेली असते, मुलाला सांगता येत नाही, आणि आपण म्हणतो नखरे करतो. चिकूचं बहुतेक खाणं कुरकुरीत किंवा एकदम मऊ आहे. मधलं, म्हणजे चावून घोळवावं लागेल असं काहीच नाही. जीभ-जबड्याच्या हालचाली कमी पडतात का, तेही कोणीतरी तपासायला हवं.

मग बसणं. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर मुलाची निम्मी ताकद अंग सावरण्यात जाते. पायाखाली स्टूल द्या, नाहीतर सरळ पाटावर भिंतीला टेकून बसवा. हसू नका, यानेच कितीतरी मुलं पाच मिनिटं जास्त बसलेली मी बघितली आहेत. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आवरायचं. दिवसभर हातात बिस्कीट नको. आणि "एक घास, फक्त एक घास" हे पालुपद बंद. घरातल्या सगळ्यांचं.

आता नवा पदार्थ. त्याची सुरुवात तोंडापासून होत नाही. आधी तो पदार्थ त्याच खोलीत चालतो का? मग टेबलावर? मग वेगळ्या वाटीत, पण त्याच्या ताटाशेजारी? मग बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चाटणं, चावून थुंकणं. थुंकायची परवानगी हवी, त्यासाठी एक वाटी ठेवाच. ज्या मुलाला माहीत असतं की बाहेर काढता येईल, तेच मूल आत घालून बघतं. एकेका पायरीला आठवडे लागतात. पंधरा-वीस वेळा नुसतं समोर आलं तरी ते फुकट गेलं असं समजू नका.

आणि साखळी. तो जे खातो त्याच्या शेजारचा पदार्थ शोधायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आकार बदला किंवा रंग बदला किंवा चव. दोन एकदम नाही. डोसा कडक आहे ना? महिनाभर तोच डोसा तिकोनी करून द्या. पीठ तेच. तुम्ही म्हणाल याने पोषणात काय फरक पडला? काहीच नाही. पहिल्या दोन-तीन कड्या पोषणासाठी नसतातच. "थोडं वेगळं दिसलं तरी काही वाईट होत नाही" एवढंच त्या शिकवतात. हे शिकायच्या आधी आपण नाचणी ओततो आणि तिथे गाडी अडते.

नखरे आणि हा प्रकार वेगळा, हे आता वैद्यकातही मान्य आहे. २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेत, 'एआरएफआयडी' नावाचं निदान आलं. बारीक दिसण्याची हौस नाही, तरी खाणं इतकं आकसतं की अंगाला कमी पडतं. सगळ्या ऑटिस्टिक मुलांना ते लागू होत नाही, पण सातच पदार्थ आणि फेरिटिन ६ असेल तर डॉक्टरांशी हा विषय जरूर काढा.

चिल्लर

ओसरी, लपवायचं नाही हे पटलं. पण मग बिस्किटांचं पाकीट बदललं की आम्ही जुन्या पाकिटात नवी बिस्किटं भरतो, ते कशात बसतं? 😀

तिरफळ

ते चालतंय! आतलं बिस्कीट तेच आहे ना. आम्ही तर जुनं पाकीट चिकटपट्ट्या लावून दोन वर्षं वापरलं.

मेतकूट

आहारतज्ज्ञ आहे. अबोलीताई, तुमच्या यादीचा हिशोब मांडते, म्हणजे कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही ते कळेल.

आयसीएमआर-एनआयएनच्या (आपली राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीत ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं, ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. साडेचारशे मिली दुधातच १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि पाचशेच्या वर कॅल्शियम मिळतं. डोसा आणि पापडात उडीद आहे. म्हणजे प्रथिनं कमी पडतायत ही काळजी सोडा, प्रोटीन पावडरचा डबा आणला असेल तर तोही परत करा.

अडचण लोहाची आहे, आणि त्यात दूध दोन बाजूंनी नडतंय. दुधात लोह नसल्यात जमा. शिवाय त्यातलं कॅल्शियम दुसरीकडून येणारं लोह शोषू देत नाही, आणि लिटरभर दुधाने पोट भरतं ते वेगळंच. त्यामुळे माझ्या मते पहिलं काम भाजी नाही. दूध लिटरवरून साडेचारशे-पाचशेवर आणणं हे पहिलं काम. पण एकदम नाही. पेला तोच ठेवायचा, दर तीन-चार दिवसांनी दोन चमचे कमी भरायचं.

लोहाचं औषध दुधापासून दोन तास लांब ठेवा. नाही जमलं तर डॉक्टरांना सांगून दुसरं घ्या. लोहाची औषधं बऱ्याच प्रकारची येतात, चवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सिरिंजने गालाच्या आत, हळू, आणि औषध आहे असं सांगूनच. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. लोह जास्त पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

दुसरी भीती क जीवनसत्त्वाची, आणि हिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. तुमच्या यादीत ते वेफर्समधून मिळेल तेवढंच. फार मर्यादित खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांत आजही स्कर्व्ही सापडतो. मूल लंगडायला लागतं, चालायला नको म्हणतं, पाय धरून रडतं, हिरड्यांतून रक्त येतं. हाडाच्या डॉक्टरांकडे, मेंदूच्या डॉक्टरांकडे फेऱ्या होतात आणि कारण निघतं ताटात. असं काही दिसलं तर डॉक्टरांना "हा फळं-भाज्या अजिबात खात नाही" हे वाक्य पहिल्यांदा सांगायचं. तसंच अंधारात अडखळत असेल, डोळे कोरडे वाटत असतील तर अ जीवनसत्त्वाचं बघायचं. दूध घेताना पिशवीवर निळं 'प्लस एफ' चिन्ह बघा, त्यात अ आणि ड घातलेलं असतं. पिशवी बदलली आणि त्याला चव कळली तर मात्र हट्ट नको.

त्याच्या यादीत बहुतेक सगळं पांढरट-फिकं आहे, मग क साठी पांढरं काय? लिंबू पाणी गाळून घेतलं तर जवळजवळ पाण्यासारखं दिसतं. एका लिंबातून दहाएक मिलिग्रॅम मिळतं, गरज ३५ ची आहे. पेरू त्याहून किती तरी भारी, पांढऱ्या पेरूच्या दोन पातळ फोडींत काम होतं. पण ती लांबची कडी आहे. तोवर डॉक्टरांना विचारून थेंब सुरू करा, त्यात कमीपणा नाही. डी ची साठ हजार युनिटची पुडी मात्र शेजारणीने सांगितली म्हणून देऊ नका. अ आणि ड अंगात साठतात, जास्त झाले तर अपाय होतो.

एक घरगुती गोष्ट: डोसा बिडाच्या तव्यावर काढता का? आंबवलेलं पीठ आंबट असतं, तव्याचं थोडं लोह त्यात उतरतं. औषधाची जागा ते घेणार नाही, पण त्याच्या ताटात काही न बदलता जमण्यासारखं एवढंच आहे.

चिल्लर

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) आणि दूध दोन्ही बंद करा म्हणतात. ऑटिझमच कमी होतो म्हणे. एकीने केसांची तपासणी करायला बाहेरगावी नमुना पाठवला, बराच खर्च केला.

मेतकूट

नका करू. ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असे आहार वापरू नयेत, असं ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सरळ लिहिलंय. सीलिअॅक (ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असेल, दुधाची अॅलर्जी असेल, तर गोष्ट वेगळी, ती तपासून कळते. चिकूच्या यादीतून दूध आणि बिस्कीट काढलं तर मागे उरतं काय? भात, डोसा, पापड, चुरमुरे, वेफर्स. कॅल्शियम कुठून आणणार?

झाडीपट्टी

इथे पुण्या-मुंबईचे सगळे बोलून राहिले. आमच्या तालुक्याला थेरपिस्टच नाही. मुलगा पाच वर्षांचा, फक्त पोहे अन् चहा-टोस्ट. आम्ही काय करावं?

ओसरी

दादा, जिल्हा रुग्णालयात 'जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र' कुठे आहे विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे मोफत तपासतात. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढून घ्या. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना ऑटिझमला लागू आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात बसतो. कागदपत्रांचा त्रास आहे, खोटं नाही सांगत, पण काढा.

आणि चहा जेवणाच्या वेळेपासून दूर न्या. चहा लोह अडवतो. पोहे खातो ही तर चांगली बातमी आहे, त्यावर लिंबू चालतं का?

झाडीपट्टी

लिंबू नाही चालत. पण पोह्याच्या बाजूला लिंबाची फोड ठेवून पाहतो. खोलीतून सुरुवात म्हणता ना तुम्ही.

रानपाखरू

शाळेच्या डब्याचं कोणी बोललं नाही. आमच्या शाळेने "पौष्टिकच डबा" असा नियम काढला आणि मुलीचे चुरमुरे दोनदा तसेच परत पाठवले. ती दिवसभर उपाशी. शेवटी थेरपिस्टचं पत्र नेलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून अर्ज दिला, की हा डबा ही तिची गरज आहे. वर्गशिक्षिका समजूतदार निघाल्या. आता डब्यात दोन कप्पे असतात: एकात चुरमुरे, दुसऱ्यात एक ज्वारीची लाही. एकच. ती परत येते रोज. मी रोज नवी ठेवते.

अबोली

सात आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, माफ करा.

दूध लिटरवरून साधारण पाचशेवर आलं. पाच आठवडे लागले. मधे एक आठवडा ताप आला तेव्हा सगळं मूळपदावर, मग परत पहिल्यापासून. पण दूध कमी झाल्यावर संध्याकाळी तो स्वतः स्वयंपाकघरात येऊन डोशाचा तवा वाजवतो. आधी कधीच मागायचा नाही. पोटावरही इलाज सुरू आहे, ओसरीताईंचा अंदाज खरा होता.

औषध तिसऱ्या प्रकाराला जमलं. सिरिंज तो स्वतः दाबतो. ओकणं बंद नाही, पण आठवड्यातून एखादवेळ. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात.

डोसा तिकोनी केला. पहिल्या दिवशी त्याने तो घेतला, कडा दातांनी कुरतडून गोल करायचा प्रयत्न केला, मग तसाच खाल्ला. आता तिकोनी, लांबट, अगदी फाटलेलाही चालतो. सासूबाईंनी हे बघून "अगं, हा फाटका खातोय!" म्हणून मला हाक मारली. आमच्या घरात फाटका डोसा हा सणासारखा झाला.

लिंबू पाणी त्याच स्टीलच्या पेल्यात ठेवलं तर फसवल्यासारखं होईल म्हणून काचेचा छोटा ग्लास आणला. तीन आठवडे नुसता टेबलावर. मग बोट बुडवून दिव्यासमोर धरायचा आणि थेंब पडताना बघायचा. परवा बोट चाटलं. तोंड वाकडं केलं, आणि परत बुडवलं.

आता पापडाचं. पुढची कडी म्हणून मूग-उडदाचा पापड द्यायचा होता, पण बिनमिरीचा बाजारात मिळेना. सगळ्यात मिरी किंवा हिंग. काय करावं?

माणदेशी

अबोली बाळ, धागा रोज वाचत होतो. आमच्या सौ. अजून दरवर्षी पापड करतात. त्यांना तुझं सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, नाचणी आत्ता नको, रंगावरून पोरगं ओळखेल. आधी उडदात चौथा हिस्सा मुगाचं पीठ घालू, रंग तोच राहतो. मिरी, हिंग काही नाही. मीठ आणि पापडखार पण बेताचा, कारण तो रोज खाणार. पत्ता कळव.

त्या विचारतायत, त्याच्या नेहमीच्या पापडाची रुंदी किती? वितीएवढी की तळहाताएवढी?

अबोली

काका, डोळ्यांत पाणी आलं. मोजून सांगते. तो पापड खायच्या आधी कानाजवळ नेऊन मोडतो आणि आवाज ऐकतो. कट्‌ असा झाला तरच खातो, नाहीतर ताटात परत. तेव्हा पातळ लाटायला सांगा काकूंना, आणि ऊन खणखणीत दाखवायला.

माणदेशी

आज ढग आहेत. उद्या लाटायला घेतील म्हणाल्या.